द पोलीसचा ‘सिंक्रॉनिसिटी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कोणाचा, आणि तो कधी प्रकाशित झाला?

‘सिंक्रॉनिसिटी’ हा ‘द पोलीस’ या लंडनमध्ये स्थापन झालेल्या त्रयीचा पाचवा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम असून तो जून १९८३ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. गायन आणि बेस सांभाळणारा स्टिंग, गिटारवादक अँडी समर्स आणि ड्रमवादक स्ट्युअर्ट कोपलंड एवढेच तिघे या बँडमध्ये होते. १९७८ ते १९८१ या चार वर्षांत त्यांनी दरवर्षी एक याप्रमाणे चार अल्बम दिले, १९८२ हे वर्ष बरेचसे आपापल्या स्वतंत्र कामांत घालवले आणि मग हा एक अल्बम करून ते थांबले. लोकप्रियतेच्या अगदी शिखरावर असताना थांबलेल्या बँडचे हे शेवटचे काम असल्यामुळे त्याकडे कुतूहलाने पाहिले जाते, हे खरे आहे. परंतु आज चाळीस वर्षांनंतरही तो ऐकावा असे मला वाटते त्याचे कारण वेगळे आहे. तीन वाद्यांच्या रॉक संगीतात किती गोष्टी न वाजवता सोडून देता येतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळातील लोकप्रिय संगीतात फार थोडे आहे.

‘द पोलीस’ला न्यू वेव्ह का म्हटले जाते? हा अल्बम न्यू वेव्ह आहे का?

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली. वादनकौशल्यापेक्षा संताप आणि वेग महत्त्वाचा मानणाऱ्या या लाटेपाठोपाठ अशी एक पिढी आली, जिने पंकचा आटोपशीरपणा आणि धार घेतली, पण तिला जमैकाचे रेगे, कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यसंगीतातले फंक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांचेही वावडे नव्हते. या पिढीला न्यू वेव्ह हे नाव मिळाले. १९७७ मध्ये लंडनमध्ये उभा राहिलेला ‘द पोलीस’ पंकच्या क्लबांतून वाजवू लागला, मात्र या तिघांची पूर्वपीठिका पंकची नव्हती. स्टिंग न्यूकासलजवळ शाळेत शिकवत असे आणि जॅझ बँडमध्ये बेस वाजवत असे. कोपलंड हा अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याचा मुलगा, त्याचे बालपण कैरो आणि बैरुतमध्ये गेले होते, आणि त्या भागातील ठेक्यांचा संस्कार त्याच्या वादनावर आहे हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. समर्स तर १९४२ मध्ये जन्मलेला, म्हणजे १९७७ मध्ये पस्तिशीत आलेला आणि साठच्या दशकापासून व्यावसायिक वादन करत आलेला होता. पहिल्या अल्बमांतील त्यांचा रेगेचा ठेका, मध्येच सोडलेल्या मोकळ्या मात्रा आणि गिटारचा प्रतिध्वनी हे सारे या प्रशिक्षित हातांतून आलेले आहे.

‘सिंक्रॉनिसिटी’मध्ये रेगे जवळजवळ उरलेला नाही. त्याच्या जागी सिंथेसायझर आणि सीक्वेन्सर (ठरवून दिलेले स्वर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारे उपकरण) आले आहेत, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरची गाणी तर संथ, अंतर्मुख आहेत. त्यामुळे काही समीक्षक त्याला न्यू वेव्हच्या पुढचा अल्बम मानतात. माझ्या मते तो न्यू वेव्हच्याच स्वभावाचा आहे. मोजके स्वर, लांबलचक गिटारवादनाचा अभाव आणि प्रत्येक ध्वनी कोठे आहे हे नेमके ऐकू येणे ही या प्रवाहाची मूळ वैशिष्ट्ये येथे शेवटच्या टोकापर्यंत नेलेली आहेत.

अल्बमच्या नावामागची कल्पना काय आहे?

ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याची आहे. ज्या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा कोणताही धागा नाही, पण ज्या एकाच वेळी घडल्यामुळे अनुभवणाऱ्याला त्यांच्यात अर्थ जाणवतो, अशा घटनांसाठी युंगने ही संज्ञा वापरली होती. स्टिंगला तिचा परिचय लेखक आर्थर कोसलरच्या वाचनातून झाला. याआधीच्या, १९८१ च्या अल्बमचे नावही कोसलरच्याच एका पुस्तकावरून घेतले होते.

ही कल्पना संपूर्ण अल्बमभर पसरलेली आहे, असे समजून कोणी तो ऐकायला घेतला तर त्याची निराशा होईल. ती स्पष्टपणे येते ती नावात हा शब्द असलेल्या दोनच गाण्यांत. पैकी दुसरे अधिक प्रभावी आहे. त्यात एका उपनगरातील कुटुंबाची घुसमट, घरातील आजीचा आरडाओरडा, कारखान्यातील अपमान आणि घरी परतणाऱ्या वाहनांची रांग यांचे वर्णन येते, आणि त्याच वेळी कित्येक मैल दूर स्कॉटलंडमधील एका काळ्या तळ्याच्या तळातून काहीतरी वर येऊ लागते. या दोन घटनांचा परस्परसंबंध गाण्यात कोठेही सांगितलेला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तो आपोआप जुळतो, आणि युंगची संकल्पना इतक्या थोडक्यात समजावून सांगणारे दुसरे गाणे माझ्या ऐकण्यात नाही.

ध्वनिमुद्रण कोठे आणि कसे झाले? तिघे वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत होते, हे खरे आहे का?

होय, खरे आहे. डिसेंबर १९८२ मध्ये बँड कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट या छोट्या बेटावर पोहोचला. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने १९७९ मध्ये तेथे एअर स्टुडिओज सुरू केला होता आणि १९८१ चा अल्बमही बँडने मुख्यतः तेथेच केला होता. निर्माता आणि ध्वनिमुद्रक म्हणून त्या वेळेप्रमाणेच ह्यू पॅजम सोबत होता. उरलेले काम आणि मिक्सिंग १९८३ च्या सुरुवातीला कॅनडातील क्वेबेक प्रांतात मोरिन हाइट्स येथील ल स्टुडिओमध्ये झाले.

बसण्याची व्यवस्था अशी होती : कोपलंडचे ड्रम स्टुडिओच्या भोजनगृहात मांडलेले होते, स्टिंग नियंत्रण कक्षात पॅजमच्या शेजारी बसून बेस वाजवत असे आणि समर्स एकटा मुख्य स्टुडिओत असे. भोजनगृहाशी संपर्क ठेवण्यासाठी कॅमेरा आणि पडदा लावलेला होता. भोजनगृहात लाकडामुळे ड्रमला चांगला घुमारा येतो आणि खोल्या वेगळ्या ठेवल्या की एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरत नाही, हे या व्यवस्थेचे तांत्रिक समर्थन होते आणि ते योग्यही होते. पण या व्यवस्थेमुळे तिघांना एकमेकांच्या समोर यावे लागत नव्हते, हाही तिचा एक उपयोग होता.

स्टिंग आणि कोपलंड यांच्यातील वाद तोवर विकोपाला गेले होते. स्टिंग आता पूर्ण तयार नमुना ध्वनिमुद्रणे घेऊन येत असे आणि त्यात कोणते वाद्य काय वाजवणार हेही त्याने ठरवलेले असे, तर बँड उभा करणाऱ्या कोपलंडला गाण्याचा ठेका दुसऱ्याने ठरवून देणे मान्य नव्हते. पॅजमने नंतर दिलेल्या मुलाखतींत सांगितले आहे की बेटावरच्या सुरुवातीच्या साधारण दहा दिवसांनंतरही हाती काहीच लागलेले नव्हते, व्यवस्थापक माइल्स कोपलंड, म्हणजे स्ट्युअर्टचा थोरला भाऊ, तेथे आला, आणि अल्बम पूर्ण करायचा की सोडून द्यायचा यावर पोहण्याच्या तलावाकाठी बैठक झाली. समर्सने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तो स्वतः जॉर्ज मार्टिनच्या घरी मध्यस्थीची विनंती घेऊन गेला, मार्टिनने शांतपणे ऐकून घेतले आणि हे तुमचे तुम्हीच मिटवू शकाल असे सांगून त्याला परत पाठवले.

इतका कलह असताना अल्बम इतका नीटनेटका कसा झाला?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भांडणातून उत्तम कला निर्माण होते, हे त्याचे सरधोपट उत्तर मला पटत नाही, कारण भांडणातून बहुतेक वेळा वाईट अल्बम निर्माण होतात किंवा काहीच निर्माण होत नाही. येथे घडले ते असे की प्रत्येक भागाला स्वतःचे समर्थन द्यावे लागले. जो स्वर गाण्यासाठी अनिवार्य नव्हता तो उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी हाणून पाडत असे. एरवी मैत्रीच्या वातावरणात एखाद्याने सुंदर पण अनावश्यक असे काही वाजवले तर ते राहू दिले जाते, येथे तसे काही राहू शकले नाही.

त्यातील सर्वाधिक त्याग कोपलंडचा आहे, आणि त्याचे श्रेय त्याला पुरेसे दिले जात नाही. सुरुवातीच्या अल्बमांत ठेक्याला सतत हुलकावणी देणारा, हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, नक्षीकाम करणारा हा वादक ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मध्ये जवळजवळ यंत्रासारखा सरळ ठेका धरतो. त्या गाण्यातील ड्रमचे वेगवेगळे घटक एकत्र न वाजवता स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केले गेले. त्याच्यासारख्या वादकाला ते किती जाचले असेल याची कल्पना करता येते, पण गाण्याच्या दृष्टीने तो निर्णय अचूक होता, कारण सतत नजर ठेवणाऱ्या माणसाच्या गाण्यात ठेका डळमळून चालणार नव्हते.

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे प्रेमगीत आहे का?

नाही. तरीही जगभर लग्नसमारंभांत ते वाजवले जाते आणि स्टिंगनेच याबद्दल अनेकदा आश्चर्य व्यक्त केले आहे. हे गाणे त्याने १९८२ मध्ये जमैकातील गोल्डनआय या वास्तूत लिहिले. जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याचे ते घर, आणि त्याच्याच मेजावर हे गाणे लिहिले गेले असे स्टिंग सांगतो. त्या काळात त्याचा पहिला विवाह मोडत होता. गाण्यातील ‘मी’ सोडून गेलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक हालचालीवर आपली नजर असल्याचे सांगतो, ती व्यक्ती आपल्याच मालकीची आहे असे बजावतो, आणि त्याच्या विनवणीत ताबा गेल्याचा क्रोध दडलेला आहे.

गैरसमज होतो याचा दोष मात्र श्रोत्यांना देता येणार नाही. चाल अतिशय गोड आहे, स्वररचना पन्नाशीच्या दशकातील प्रेमगीतांत शेकडो वेळा येऊन गेलेली आहे, आणि स्टिंगचा आवाज एकदाही चढत नाही अपवाद फक्त मधल्या कडव्याचा, जेथे एकटेपणाची कबुली येते. धमकी जर धमकीच्या सुरात दिली असती तर गाणे एका वर्षात विस्मरणात गेले असते. ज्या माणसाला आपण प्रेम करत आहोत अशी मनोमन खात्री आहे आणि म्हणूनच तो भयंकर आहे, अशा माणसाचे चित्र याच गोडव्यामुळे उभे राहते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की शेवटी लांबवलेले ध्रुवपद ऐकताना अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही.

त्या गाण्यातील गिटारची सुरावट कोणाची?

समर्सची. स्टिंगच्या नमुना ध्वनिमुद्रणात तेथे ऑर्गन होता. समर्स त्या काळात गिटारवादक रॉबर्ट फ्रिपबरोबर एका वाद्यसंगीताच्या अल्बमवर काम करत होता आणि हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकच्या व्हायोलिन युगुलांचा रियाज गिटारवर करत होता. त्या अभ्यासातून हाताला लागलेली बोटांची ठेवण त्याने येथे वापरली.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर साध्या त्रिस्वरी मेळाऐवजी येथे षड्ज, पंचम आणि त्याच्या वरचा रिषभ असे स्वर ओळीने उलगडतात, आणि गंधाराला नुसता स्पर्श करून सुरावट पुन्हा रिषभाकडे उतरते. जवळजवळ सर्व वजन त्या रिषभावर आहे. मेळ सुरेल राहतो, पण विसावत नाही, आणि गाण्यातील माणसाची बेचैनी शब्दांआधी या स्वरातून कळते. समर्सच्या सांगण्यानुसार हा भाग त्याने एका दमात वाजवला आणि नियंत्रण कक्षातील सर्वांनी त्याला दाद दिली. गीतकार-संगीतकार म्हणून श्रेय मात्र एकट्या स्टिंगच्या नावावर आहे, आणि १९९७ मध्ये अमेरिकी रॅपर पफ डॅडीच्या गाण्यात हीच सुरावट जशीच्या तशी वापरली गेली तेव्हाही स्वामित्वधनाचा ओघ स्टिंगकडेच गेला. याविषयीची नाराजी समर्सने जाहीरपणे व्यक्त केली आहे. लोकप्रिय संगीतात शब्द आणि चाल यांनाच रचना मानण्याची जी रीत आहे ती बँडच्या कामाला न्याय देणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली बाजू इतकी विस्कळीत का वाटते? ‘मदर’ हे गाणे वगळून ऐकले तर चालेल का?

तबकडीच्या पहिल्या बाजूवर सहा गाणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, ही तक्रार १९८३ पासून होत आली आहे. सीक्वेन्सरच्या वेगवान आवर्तनावर धावणारे ‘सिंक्रॉनिसिटी १’, डायनोसॉरच्या नामशेष होण्यात अण्वस्त्रधारी मानवाचे भविष्य पाहणारे ‘वॉकिंग इन युअर फुटस्टेप्स’, बेस आणि सॅक्सोफोनच्या जोरावर चालणारे ‘ओ माय गॉड’, समर्सचे ‘मदर’, कोपलंडचे जेमतेम दोन मिनिटांचे ‘मिस ग्रेडेंको’ आणि शेवटी ‘सिंक्रॉनिसिटी २’ असा त्यांचा क्रम आहे. ‘ओ माय गॉड’च्या शेवटाकडे स्टिंग बँडच्या १९८१ च्या एका गाजलेल्या गाण्यातील ओळी पुन्हा गातो, ते लक्ष देऊन ऐकावे.

‘मदर’मध्ये समर्स स्वतः किंचाळत गातो. ताल सात मात्रांचा असल्यामुळे आपल्याकडील श्रोत्याला रूपक तालाची आठवण होते, पण रूपकातील खाली-भरीचा डौल येथे नाही, प्रत्येक आवर्तन मागच्या आवर्तनावर आदळते. फोन करून करून जीव नकोसा करणाऱ्या आईविषयीचे हे गाणे अनेकांना असह्य होते. मला ते आवडत नाही, तरीही ते वगळू नये असे मी म्हणेन. स्टिंगच्या नियंत्रित, घासूनपुसून लख्ख केलेल्या रचनांमध्ये हा एकच क्षण असा आहे की जेथे त्या बेटावरील ताण अनावृत होऊन बाहेर येतो, आणि तो ऐकल्याशिवाय दुसऱ्या बाजूवरील शांततेचे मोल कळत नाही. ‘मिस ग्रेडेंको’ मात्र सोव्हिएत कचेरीतील पाळत आणि दबलेली भावना यांवरचे छोटेखानी, चपळ गाणे असून ते अकारण दुर्लक्षित राहिले आहे.

दुसऱ्या बाजूविषयी काय सांगाल?

ती सलग ऐकावी. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’, ‘किंग ऑफ पेन’, ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ आणि ‘टी इन द सहारा’ ही चारही गाणी स्टिंगची आहेत आणि चारही गाण्यांत कोणीतरी कोणाच्या तरी ताब्यात आहे किंवा वाट पाहत आहे.

‘किंग ऑफ पेन’ जमैकातच सुचले. सूर्यावरचा काळा डाग म्हणजे आपला आत्मा, अशा प्रतिमेपासून सुरू होऊन ते दुःखाची एकामागून एक चित्रे मांडत जाते. सुरुवातीला जवळजवळ फक्त दोन आळीपाळीने येणारे स्वर आणि आवाज एवढेच असते, नंतर एकेक वाद्य दाखल होते, आणि गाणे भरात येऊन पुन्हा ओसरते. ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ हे गुरू आणि शिष्य यांच्यातील सत्तेचे गाणे आहे. ग्रीक पुराणकथा आणि सैतानाशी केलेला करार यांचे संदर्भ देत शिष्य आपण शिकायला आल्याचे सांगतो, आणि शेवटच्या कडव्यात एका शब्दाच्या फेरफाराने तोच मालक झालेला असतो. येथे कोपलंडचे वादन मुद्दाम ऐकावे : झांजांवर हलकेच पडणारे आघात इतके विरळ आहेत की दोन आघातांमधली पोकळी हाच त्या गाण्याचा ठेका वाटू लागतो.

‘टी इन द सहारा’ पॉल बोल्सच्या एका कादंबरीतील कथेवर आधारलेले आहे. वाळवंटात चहा पिण्याची इच्छा असलेल्या तीन बहिणी, त्यांना वचन देऊन गेलेला तरुण, आणि वाळूने भरलेले पेले एवढेच त्यात आहे. बेस एक साधे आवर्तन धरून ठेवतो आणि समर्सची गिटार आघाताविना, वाऱ्यासारखी येते आणि विरते. स्टेडियममध्ये वाजणाऱ्या बँडने आपल्या सर्वांत यशस्वी अल्बमची तबकडी अशा जवळजवळ निःशब्द गाण्यावर संपवावी, हे मला धाडसाचे वाटते.

माझ्या तबकडीवर ‘मर्डर बाय नंबर्स’ नाही. ती सदोष आहे का?

नाही. हे समर्स आणि स्टिंग यांनी मिळून रचलेले गाणे मूळ लाँग-प्ले तबकडीवर नव्हते, ते अल्बमच्या कॅसेट आणि सीडी आवृत्त्यांत होते. समर्सच्या जॅझ वळणाच्या स्वरमेळांवरचे हे गाणे माँटसेराटवर एका रात्री जेवणानंतर एकाच प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले, आणि या अल्बममध्ये तिघांनी मिळून सहज वाजवल्याचा आनंद सर्वांत अधिक येथेच ऐकू येतो.

अल्बमला नेमके किती यश मिळाले?

अमेरिकेतील बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. १९८३ हे मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे वर्ष होते हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते, कारण त्या अल्बमला खाली सारूनच हे स्थान मिळवावे लागले. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ अमेरिकेत ८ आणि ब्रिटनमध्ये ४ आठवडे अव्वल राहिले. अमेरिकेत ‘किंग ऑफ पेन’ तिसऱ्या आणि ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेतच अल्बमच्या ८० लाख प्रतींचे प्रमाणपत्र नोंदवलेले आहे.

फेब्रुवारी १९८४ च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम गीतरचनेचा पुरस्कार स्टिंगला मिळाला, आणि पॉप तसेच रॉक या दोन्ही विभागांतील समूहगायनाचे पुरस्कार बँडला मिळाले, त्यांपैकी पॉपचा ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’साठी. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मात्र ‘थ्रिलर’कडे गेला. २०१९ मध्ये बीएमआय या हक्कसंस्थेने ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे आपल्या संग्रहातील रेडिओवर सर्वाधिक वाजलेले गाणे ठरल्याचे जाहीर केले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा अल्बम समाविष्ट केला.

वेगवेगळ्या प्रतींची मुखपृष्ठे वेगळी का आहेत?

ती हेतुपुरस्सर वेगळी केलेली आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल, पिवळा आणि निळा असे रंगाचे तीन आडवे पट्टे आणि त्यांत तिघांची कृष्णधवल छायाचित्रे अशी मांडणी असून, पट्ट्यांचा क्रम आणि छायाचित्रे बदलून मुखपृष्ठाची ३६ रूपे तयार करण्यात आली. छायाचित्रकार ड्युएन मायकल्स याच्यासाठी प्रत्येकाने आपापली छायाचित्रे उरलेल्या दोघांना न विचारता, स्वतंत्रपणे ठरवली. योगायोगाने काय जुळून येते ते पाहावे, ही अल्बमच्या नावाशी सुसंगत अशी कल्पना त्यामागे होती. एका छायाचित्रात स्टिंग युंगचे पुस्तक वाचताना दिसतो.

गाण्यांच्या चित्रफिती कोणी केल्या?

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’, ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ आणि ‘सिंक्रॉनिसिटी २’ या तिन्हींचे दिग्दर्शन केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम या जोडीने केले. पहिली कृष्णधवल असून तिला एमटीव्हीच्या १९८४ मधील पहिल्या पुरस्कार सोहळ्यात छायाचित्रणाचे पारितोषिक मिळाले. शेकडो मेणबत्त्यांच्या मधली दुसरी चित्रफीत करताना गाणे जलद गतीने वाजवून चित्रण करण्यात आले आणि नंतर ते संथ केले गेले, त्यामुळे ओठ गाण्याशी जुळतात पण शरीर पाण्याखाली असल्यासारखे हलते.

यानंतर बँड का थांबला?

जुलै १९८३ मध्ये शिकागोहून सुरू झालेला दौरा मार्च १९८४ मध्ये मेलबर्नला संपला. १८ ऑगस्ट १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, जेथे बीटल्स वाजले होते तेथे, कार्यक्रम करताना याहून उंच शिखर आता नाही आणि येथेच थांबावे, असे आपल्या मनात आल्याचे स्टिंगने सांगितले आहे. विसर्जनाची औपचारिक घोषणा त्या वेळी झाली नाही. १९८६ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी काही कार्यक्रम झाले आणि नव्या अल्बमसाठी तिघे एकत्रही आले, परंतु एका जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीपलीकडे काही हाती लागले नाही. २००३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला आणि २००७-०८ मध्ये त्यांनी पुन्हा एकत्र येऊन जगभर दौरा केला. नवा अल्बम झाला नाही, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

या बँडचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, मात्र तो या अल्बमच्या तीन वर्षे आधीचा. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ने मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात कार्यक्रम केला. टाइम अँड टॅलंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने धर्मादाय कार्यासाठी तो आयोजित केला होता. ऐन भरातले पाश्चात्त्य रॉक बँड भारतात येणे त्या काळी अत्यंत दुर्मीळ होते, आणि कैरोसह अनेक अनपेक्षित शहरांत वाजवण्याच्या त्या दौऱ्याचे चित्रणही झाले. ‘सिंक्रॉनिसिटी’तील गाणी अर्थातच तेव्हा लिहिली गेली नव्हती. स्टिंग नंतर अनेकदा भारतात आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरील लोलापालूझा महोत्सवात तो प्रमुख कलाकारांपैकी एक होता.

माँटसेराटचा तो स्टुडिओ आज पाहता येतो का?

सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने त्याची मोठी हानी केली आणि तो बंद पडला. १९९५ पासून सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे बेटाचा दक्षिण भाग, राजधानी प्लिमथसह, सोडून द्यावा लागला. इमारतीचे केवळ अवशेष उरले आहेत.

प्रथमच ऐकणाऱ्याने कोणती आवृत्ती घ्यावी आणि कोठून सुरुवात करावी?

साधी, एकाच सीडीची किंवा तबकडीची आवृत्ती पुरेशी आहे. २०२४ मध्ये सहा सीडींचा विस्तृत संच प्रकाशित झाला असून त्यात गाण्यांची प्राथमिक रूपे आणि कार्यक्रमांतील वादन आहे. ज्यांना मूळ अल्बम पाठ आहे त्यांनी तो अवश्य ऐकावा, कारण स्टिंगने आणलेले नमुने आणि अंतिम रूप शेजारी ठेवले की समर्स आणि कोपलंड यांनी काय दिले आणि किती गाळले, हे स्वतःच्या कानांनी पडताळता येते.

नव्या श्रोत्याने ‘सिंक्रॉनिसिटी २’पासून सुरुवात करून पुढे दुसरी बाजू सलग ऐकावी आणि मग पहिल्या बाजूकडे वळावे, असे मी सुचवेन. शक्य असल्यास हेडफोन वापरावेत, कारण ‘टी इन द सहारा’मधील गिटार गोंगाटात अजिबात ऐकू येत नाही.